आठचा भोंगा आणि वरोऱ्यावरची दोन विमानं

बाबा, आज पुन्हा तुमचा राग आला. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मोजायचं मी कधीच सोडून दिलं, माझे स्वतःचे केस पिकले, नोकरी संपली, तरी हा राग काही म्हातारा व्हायचं नाव घेत नाही. झालं एवढंच, की सकाळी नव्या मुलांचा वर्ग होता. विमानांना आकाशात वाट दाखवायचं काम शिकायला येतात ही मुलं, आणि निवृत्त झाल्यावरही त्यांना शिकवायला मला बोलावतात. एक मुलगी उशिरा आली आणि हसत म्हणाली, "सॉरी मॅडम, पाचच मिनिटं झाली." झालं! पाचच मिनिटं म्हणाली आणि माझा पारा चढला. इतकं बोलले, इतकं बोलले तिला, की शेवटी बिचारीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर पडताना कोणीतरी पुटपुटलं ते मी ऐकलं, "मॅडमचं पाच मिनिटांशी काय वाकडं आहे कोणास ठाऊक." आता त्या मुलांना काय सांगू? माझं वाकडं माझ्या बापाशी आहे. एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली, बाबा. ती सांगायची म्हणून आजवर चार-पाचदा तरी मी अशी कागद घेऊन बसले, आणि दरवेळी तुमच्याशी भांडण्यातच कागद संपला. आज भांडण आधी उरकून घेते.

तुम्ही खाणीचा भोंगा वाजवायचे. चंद्रपुरात तेव्हा सगळं भोंग्यावर चालायचं. घराघरातली घड्याळं भोंग्यावर लावलेली, शाळेची घंटा भोंग्यानंतर, नाक्यावरचा चहावाला भोंगा ऐकून दुसरं आधण ठेवायचा. बॉयलरच्या वाफेवर चालणारा जुना भोंगा होता तो. लोखंडी जिना, वर चौथरा, तिथे लोंबणारी साखळी, आणि ती ओढणारे तुम्ही. सकाळी आठच्या पाळीचा भोंगा थांबला की फाटकावरचे हजेरीबाबू रजिस्टर मिटायचे. त्यानंतर जो आला त्यानं घरी जायचं, त्या दिवसाची हजेरी गेली. हे हजेरीबाबू म्हणजे तुमचे जिवाभावाचे मित्र, आमचे काका. एकाच वस्तीत वाढलेले, एकाच वर्षी खाणीत लागलेले, विहारात एकाच सतरंजीवर बसणारे तुम्ही दोघं. आमच्या घरची साखर संपली की वाटी त्यांच्याच घरी जायची.

मी चौथीत असेन. पावसाळ्यात एक दिवस तुम्ही डबा विसरले म्हणून आईनं मला पाठवलं. जिना चढून वर येते तर तुम्ही साखळीवर हात ठेवून उभे, भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजून गेलेले आणि तुमची नजर नदीकडे. पलीकडच्या गावांतले मजूर डोंग्यात बसून नदी ओलांडून यायचे. पाणी चढलं की डोंगा वरच्या अंगाला नेऊन तिरका सोडावा लागायचा, त्यात वेळ जायचा. "बाबा, वाजले ना आठ," मी म्हटलं. तुम्ही वळूनसुद्धा पाहिलं नाही. "थांब माय. लोक पाण्यात हायेत." डोंगा काठाला लागला, माणसं चिखलातून पळत सुटली, आणि सगळ्यात मागची बाई फाटकातल्या कडुलिंबापाशी पोचली तेव्हा कुठे तुम्ही साखळी ओढली. खाली काका उघड्या रजिस्टरपुढे बसून चांगलं चालणारं पेन उगीचच झटकत होते. मला त्या दिवशी तुमचा इतका अभिमान वाटला बाबा, की काय सांगू! माझ्या बापानं आठ वाजणं थांबवून धरलं होतं. पुढे कळलं की हे तुम्ही दोघं मिळून कितीतरी वर्षं करत होते, आणि तुम्हा दोघांशिवाय खाणीत कोणालाच त्याची खबर नव्हती.

आणि घरी? घरी तुम्ही वेळेच्या बाबतीत कोण लागून गेले होते! शाळेतून यायला जरा उशीर झाला की दारातच उलटतपासणी. "टाइम म्हंजे टाइम. टाइमावर नाई आली तं जेवण नाई." एकदा मैत्रिणीकडे अभ्यासाला थांबले तर तुम्ही माझं ताट खरंच उचलून ठेवलं होतं. आईनं मागच्या दारी बोलावून मला भाकर दिली. नोकरी लागली तेव्हा तुम्ही मला मनगटी घड्याळ आणलं, चावीचं, पांढऱ्या तबकडीचं. माझ्या हातावर बांधताना तुम्ही म्हणाले, "आता लोकायचा जीव तुह्या हातात हाय, बाई. टाइम चुकवू नको." वा रे वा! सांगतंय कोण!

नोकरी म्हणजे शहराबाहेरच्या धावपट्टीवर वायरलेसची. एक खोली, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडाची नळी, भिंतीवर घड्याळ, मी आणि एक चौकीदारभाऊ. त्या वर्षी गडचिरोलीकडच्या जंगलाची पाहणी करणारं एक चार आसनी विमान महिनोन् महिने आपल्या पट्टीवर मुक्कामाला होतं. सकाळी उडायचं, चामोर्शीच्या पलीकडे जंगलाचे फोटो काढून दुपारी परत यायचं. तुम्ही एकदा जेवताना विचारलं, ते इमान तर पायलट चालवते, तू दिवसभर करते काय? मी सांगितलं, छोटं विमान किती वाजता उडालं ते मी नागपूरला कळवते, म्हणजे मोठी प्रवासी विमानं त्याच्यापासून लांब ठेवता येतात. तुम्ही घास हातात धरून हसायला लागले. "एवढं मोठं आभाळ, अन् त्यात दोन इमानं एकमेकाले धडकतीन? कायले बापाले बनवून राह्यली?"

मी तुम्हाला परोपरीनं समजावलं. ताटातल्या भाताच्या रेघा ओढून समजावलं, आठवतं? आभाळ मोठं आहे, पण विमानं काही सगळ्या आभाळातून जात नाहीत. हैदराबादहून नागपूरला जाणारं विमान वरोऱ्यावरून जातं. आपलं छोटं विमान वर्ध्याकडे निघालं की पायलट रेल्वेच्या रुळांवर नजर ठेवतो, म्हणजे तेही वरोऱ्यावरूनच. वरोऱ्यावर हा चौकच झाला. मोठं विमान उंचावर आहे तोवर कोणाला कोणाचा त्रास नाही, पण नागपूरला उतरायचं तर त्याला खाली यावंच लागतं. म्हणून आधी छोट्यानं चौक ओलांडायचा आणि मगच मोठ्यानं खाली यायचं. "मंग ते पायलट लोक एकमेकाले पाह्यत नाई काय?" अहो, ढगात काय दिसणार? आणि मोठ्याचा वेग एवढा, की दिसलं म्हणेपर्यंत अंगावर आलेलं असतं. तेव्हा आपल्याकडे रडारही नव्हतं. नागपूरच्या माणसापुढे एक कागद आणि त्यावर मी सांगितलेली वेळ, बस. अमुक वाजता उडालं म्हणजे पंधरा मिनिटांनी वरोऱ्यावर असेल, हा त्याचा हिशेब. "म्हणजे सगळं वेळेवर आहे, बाबा," मी म्हटलं. "मंग तं बरंच हाय," तुम्ही म्हणाले आणि आईकडे आणखी वरण मागितलं.

आता माझं सांगते, नाहीतर म्हणाल पोरगी नुसती बापालाच धुते. नियम असा होता की रोज सकाळी वायरलेस सुरू केला की पहिल्यांदा नागपूरला वेळ विचारायची आणि त्यावर भिंतीवरचं घड्याळ लावायचं. ते घड्याळ रोज थोडं मागे पडायचं. पण सकाळी वायरलेसवर नुसती खरखर. तीन-तीनदा ओरडून विचारायचं, पलीकडचा वैतागायचा, मी वैतागायची. आणि इकडे आठ वाजता शेतांवरून आपला भोंगा कसा स्वच्छ ऐकू यायचा! मी भोंग्यावर घड्याळ लावायला लागले. चौकीदारभाऊंनी एकदा विचारलंही, "बाई, नागपूरले टाइम नाई इचारत?" मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "तो भोंगा माझा बाप वाजवतो. नागपूरपेक्षा पक्का." होय बाबा, ह्याच तोंडानं म्हटलं. चौथीत असताना मी तुमच्या शेजारी उभी राहून सगळं पाहिलेलं होतं, आणि तरी म्हटलं. आज आठवलं की कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं. दुसऱ्या गावच्या माणसानं ही चूक केलीच नसती. भोंगा झाला म्हणजे आठ वाजले, ह्यात शंका घ्यायची सवयच आपल्या गावाला नव्हती.

सप्टेंबर होता. दोन दिवसांच्या झडीनंतर पाऊस थांबलेला, वर ढगांचे ढीग, नदी दोन्ही काठ भरून. पाहणीचं विमान त्या दिवशी वर्ध्याकडे जायचं होतं. भोंगा झाला तसं मी घड्याळ आठला लावलं. माझ्या आठ दहाला विमान उडालं. खरखरीतून नागपूरला ते कळवेपर्यंत काही मिनिटं गेली, त्यामुळे कोणाच्या काही लक्षात आलं नाही. नागपूरनं हिशेब केला की आठ पंचविसाला छोटं विमान वरोऱ्यावर असेल आणि त्यानंतर लगेच पश्चिमेला निघून जाईल. दक्षिणेकडून येणारं मोठं विमान ढगांमुळे लवकर खाली यायची परवानगी मागत होतं. त्याला सांगण्यात आलं, साडेआठच्या जरा आधी ये, तोवर वाट मोकळी असेल. सगळं नियमाप्रमाणे झालं. पण मी ज्याला आठ दहा म्हणत होते तेव्हा बाकीच्या जगात सव्वाआठ झाले होते.

मी नोंदवहीत लिहिते आहे आणि एकदम वायरलेसवर पायलटचा आवाज येतो. शब्द नाहीत, नुसतं ओरडणं. मग काहीच नाही. मी हाक मारते. उत्तर नाही. पुन्हा मारते. चौकीदारभाऊ हातातली बादली तशीच धरून दारात उभे राहतात. मी टेबलाची कड घट्ट धरली आहे आणि मला दुसरं काही सुचत नाही, मी हाका मारत राहते, तोंडाला कोरड पडते तरी मारत राहते. मग खरखर होते आणि तो बोलतो, एरवी दर वाक्याला थट्टा करणारा माणूस, एकेक शब्द सुटा सुटा. "बाई, मी आहे. ढगातून बाहेर निघालो अन् समोर विमान. मी खाली घातलं आपलं. बाई, त्याच्या खिडक्या दिसल्या मला. खिडकीतली माणसं दिसली." त्या विमानात चाळीस माणसं होती, ह्यात दोघं. मोठ्या विमानाच्या पायलटनं नाक वर उचललं, आत लोकांचे चहा सांडले, कोणाचं डोकं समोर आपटलं, एवढंच. दुपारी मी नागपूरला वेळ विचारली. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं मागे निघालं.

मी रडतच घरी आले. तुम्ही जेवायला बसलेले. मी सांगितलं, आज दोन विमानं धडकता धडकता राहिली. तुम्ही विचारलं, "कोणी मेलं काय?" नाही म्हटलं. "मंग कायले रडून राह्यली? जेव." आणि तुम्ही आईकडे वळून मोठ्या खुशीत तुमचं सांगायला लागले. नदीले आज काय पाणी होतं, डोंगा कसा मधातच गरकन फिरला, बाया कशा बोंबलल्या. "पाच मिन्टं धरून ठेवला मी भोंगा. एकीची बी हजेरी गेली नाई!" माझा घास हातातच राहिला. दिवसभर मी ज्या पाच मिनिटांचा शोध घेत होते ती तुम्ही हसत हसत माझ्या ताटात वाढली. तेव्हाच बोलायला हवं होतं. बाबा, त्या पाच मिनिटांत बेचाळीस माणसं मेली असती, एवढं एक वाक्य. नाही बोलले. आणि इथेच तर माझं डोकं फिरतं. तुमच्यावर धड रागावताही येत नाही! तुम्ही काय स्वतःच्या आरामासाठी थांबले होते? बुडता बुडता वाचलेल्या बायांसाठी थांबले होते. कोणाशी भांडायचं माणसानं?

चार दिवसांनी चौकशीला दोन साहेब जीपनं आले. घड्याळ उघडून पाहिलं, माझी नोंदवही पाहिली, मग विचारलं, वेळ कुठून घेतली? मला म्हणता आलं असतं की चावी द्यायला विसरले, चूक माझी. चूक माझीच होती. पण नोकरी गेली असती. वस्तीतली पहिली पोरगी अशा नोकरीत, विहारात माझा सत्कार झालेला, आणि तीच घरी बसली असती. मी लिहून दिलं. वेळ खाणीच्या भोंग्यावरून घेतली, आणि भोंगा वाजवणारा कामगार नदीपलीकडच्या मजुरांसाठी तो मुद्दाम उशिरा वाजवतो. तो कामगार माझा बाप आहे हे लिहिलं नाही, कोणी विचारलंही नाही. खाली सुवाच्य अक्षरात सही केली. मला सक्त ताकीद मिळाली आणि नोकरी राहिली.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, फक्त का झालं ते ठाऊक नाही. महिन्याभरात खाणीत कागद आला. तुम्हाला भोंग्यावरून काढून मजुरांना दिवे वाटायच्या खोलीत बसवलं आणि चौथऱ्यावर आपोआप वाजणारा विजेचा भोंगा लागला. तो कोणासाठी थांबत नाही. पलीकडच्या बायांच्या हजेऱ्या जायला लागल्या, त्यातल्या दोघी-तिघी आपल्या दारात येऊन तुमच्यापुढे रडल्या. आणि तुम्ही ठरवून टाकलं. "त्यानंच सांगतलं. त्याच्याबिगर कोणाले माहीत होतं?" अहो, एकदा विचारायचं तरी! लहानपणापासूनचा मित्र, फाटकात जाऊन तोंडावर विचारायला काय झालं होतं? पण नाही. तुम्ही फाटकातून मान खाली घालून जायला लागले, विहारात दुसऱ्या कोपऱ्यात बसायला लागले. त्यांच्या मुलीच्या लग्नाला गेले नाहीत आणि आम्हालाही जाऊ दिलं नाही.

बुद्धपौर्णिमेला काका खिरीचा डबा घेऊन आले. तुम्ही आतूनच म्हणाले, "डबा वापस दे त्याले." आणि तो डबा मी परत दिला, बाबा. मी! ज्या हातानं लिहून दिलं त्याच हातानं. डबा गरम होता, काकांनी तो खांद्यावरच्या दुपट्ट्यात धरला. म्हणाले, "ठीक हाय बाई. भाऊले एवढं सांग, मी कोणाजवळ काई बोललो नाई. काऊन बोलू मी? माह्या बी पेनानंच तं झालं ना सगळं." मी मान हलवली. आत आले. तुम्ही विचारलं, काय म्हणत होता? मी म्हटलं, काही नाही.

तुम्हाला शेवटचं नेलं तेव्हा काका आले होते. गर्दीच्या मागे उभे होते, पुढे यायला धजले नाहीत. माझी पुढे बदली झाली, मोठ्या शहरांत गेले, रडार आलं, आता पडद्यावर प्रत्येक विमानाचा ठिपका आणि उंची दिसते, छोटी-मोठी सगळी एका आभाळातून बिनधोक जातात आणि कोणाच्या भोंग्यावर काही अवलंबून नाही. मुलांना मी हे सगळं शिकवते. वरोऱ्याची गोष्टही सांगते, त्यात फक्त 'एका कामगारानं' म्हणते.

मागच्या हिवाळ्यात काका भेटले. ते आता वरोऱ्यालाच असतात, मुलाकडे. नव्वदीला आले असतील, पण नजर चांगली आहे, पेपर चष्म्याशिवाय वाचतात. मी पाया पडले तर माझा हात सोडेनात. म्हणाले, "बाई, खरं सांग. भाऊ जाताना माह्याबद्दल काई बोलले होते काय?" तुम्ही शेवटपर्यंत त्यांचं नावही घेतलं नव्हतं. मी म्हटलं, "हो काका. फार आठवण काढायचे." म्हातारा माणूस लहान पोरासारखा रडला आणि मी त्याची पाठ थोपटत बसले.

हे पत्र पाठवायचं तर तुमच्याकडे नाही, त्यांच्याकडे पाठवायला हवं. पत्ता माझ्याकडे आहे. पोस्ट कोपऱ्यावर आहे, आणि ते जिवंत आहेत, वाचू शकतात. म्हणूनच मी ते पाठवत नाही, बाबा. तुम्हाला मी इतकं बिनधास्त लिहिलं, कारण तुम्ही वाचणार नाही.